विश्लेषण : दूध, नीरा आणि वालाचे पाणी... कमला सोहोनी यांचे रसायनशास्त्र आजही स्वयंपाकघरात कसे उपयोगी पडते?

अंधेरी ते बोरिवली असो की घाटकोपर ते मुलुंड, उपनगरांतील बहुतेक घरांचा दिवस दुधाच्या पिशवीने सुरू होतो. ओट्यावर रात्री भिजत घातलेले वाल किंवा मटकी असते. उन्हाळ्यात रेल्वे स्थानकावरील नीरा केंद्रासमोर गर्दी असते. या तिन्ही गोष्टींत एक प्रश्न समान आहे. पाण्यात नेमके काय विरघळले आहे, काय नुसते तरंगते आहे आणि डोळ्यांना दिसत नाही असे काय त्यात आहे? हा प्रश्न शालेय विज्ञानातील द्रावण, मिश्रण आणि विद्राव्यता या धड्यांचा आहे. मुंबईत राहून आयुष्यभर याच प्रश्नांवर काम करणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव मात्र त्या धड्यात सहसा नसते. ते नाव म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कोण होत्या कमला सोहोनी?

कमला सोहोनी पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. त्यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, म्हणजे त्या काळी सर्वजण ज्या संस्थेला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत तेथून, बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते. लेखिका आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमला यांच्या थोरल्या भगिनी. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या दुर्गाबाई महाराष्ट्राला चांगल्या ठाऊक आहेत. धाकटी बहीण प्रयोगशाळेत राहिली आणि तुलनेने कमी लोकांना माहीत झाली.

कमला यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. पदवी घेतली. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय भौतिकशास्त्र. गुण उत्तम होते. घरात वडील आणि काका यांचा दाखला होता. त्यामुळे पुढचे पाऊल बंगळुरूकडे पडणार हे ठरल्यासारखेच होते.

बंगळुरूत प्रवेश का नाकारला गेला?

त्या वेळी संस्थेच्या संचालकपदी नोबेल विजेते सी. व्ही. रामन होते. कमला यांचा अर्ज त्यांनी नाकारला. कारण गुणांचे नव्हते, अर्जदार स्त्री असण्याचे होते. संशोधन हे स्त्रियांच्या आवाक्यातले काम नाही, अशी रामन यांची त्या वेळची धारणा होती.

कमला यांनी हा नकार मानला नाही. त्या थेट बंगळुरूत पोहोचल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटायचे नाही, अशा गांधीजींच्या मार्गाने त्यांनी सत्याग्रह केला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींसह. पहिले एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटल्यानंतरच ते काम अधिकृत ठरणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होणार नाही, याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकण्यात आली होती.

त्यांनी या अटी मान्य केल्या. एक वर्षानंतर रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. मात्र या प्रसंगातील अपमान कमला यांनी कधी विसरल्याचे दाखवले नाही. उतारवयातील भाषणातही त्यांनी तो स्पष्ट शब्दांत मांडला होता.

डाळीतील प्रथिने वेगळी कशी करतात?

बंगळुरूत त्यांना एम. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, पण मनापासून शिकवणारे मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिने हा अभ्यासाचा विषय ठरला. भारतासारख्या देशात बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळीतून. त्यामुळे डाळीत किती आणि कोणती प्रथिने आहेत, हा प्रश्न थेट पोटाशी जोडलेला होता.

येथे विद्राव्यतेचा धडा कामी येतो. ठरावीक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळतो, याला त्याची विद्राव्यता म्हणतात. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, साखर मात्र सुमारे २०० ग्रॅम. खडू जवळजवळ विरघळतच नाही. दोन पदार्थांच्या विद्राव्यतेत असा फरक असेल, तर त्यांचे मिश्रण वेगळे करता येते. मीठ आणि वाळू एकत्र झाली, तर पाणी घालून ढवळायचे आणि गाळायचे. वाळू गाळणीवर राहते, मीठ पाण्याबरोबर खाली जाते. पाणी आटवले की मीठ परत मिळते.

प्रथिनांच्या बाबतीतही पद्धत हीच, फक्त अधिक नाजूक. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस ऑस्बोर्न यांनी धान्यांतील प्रथिनांचे वर्गीकरणच ती कशात विरघळतात यावरून केले. साध्या पाण्यात विरघळणारी ती अल्ब्युमिन, मिठाच्या सौम्य द्रावणात विरघळणारी ग्लोब्युलिन, अल्कोहोलमिश्रित पाण्यात विरघळणारी प्रोलामिन आणि सौम्य अल्कलीत विरघळणारी ग्लुटेलिन. डाळींमध्ये मोठा वाटा ग्लोब्युलिनचा असतो. म्हणजे डाळीचे पीठ नुसत्या पाण्यात कालवले तर त्यातील बरेच प्रथिन तळाशी राहते. त्याच पाण्यात थोडे मीठ घातले की ते द्रावणात उतरते.

याच्या उलटही घडते. प्रथिनाच्या द्रावणात अमोनियम सल्फेटसारखा क्षार वाढवत नेला, तर पाण्याचे बहुतेक रेणू त्या क्षारात गुंततात. प्रथिनाला धरून ठेवायला पुरेसे पाणी उरत नाही आणि ते साक्याच्या रूपात खाली बसते. वेगवेगळी प्रथिने वेगवेगळ्या क्षारप्रमाणाला खाली बसतात. त्यामुळे एकेक प्रथिन सुटे करता येते. मीठ थोडे असताना विरघळवते आणि खूप झाले की बाहेर काढते. जैवरसायनशास्त्राच्या कित्येक दशकांच्या कामाचा हा पाया आहे. या विषयातील संशोधनावर कमला यांना १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळाली.

केंब्रिजमध्ये बटाट्यात काय सापडले?

शिष्यवृत्तीवर कमला इंग्लंडला गेल्या. केंब्रिज विद्यापीठात जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांचा जैवरसायनशास्त्र विभाग तेव्हा जगात अग्रगण्य मानला जात होता. न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. सुरुवातीला त्यांनी डेरेक रिश्टर यांच्यासोबत काम केले, पुढे वनस्पतींचे जैवरसायन अभ्यासणारे रॉबिन हिल यांच्याकडे.

सजीवाच्या पेशीत अन्नातून ऊर्जा निर्माण होताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. हे काम करणाऱ्या लोहयुक्त प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये त्यांचे महत्त्व दाखवून दिले होते. प्राणी आणि यीस्टमध्ये ही साखळी ठाऊक होती. वनस्पतींमध्येही ती तशीच चालते का, हा प्रश्न होता. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका गडद असतो की सायटोक्रोमचे वर्णपट्टे त्यात झाकले जातात. बटाट्याच्या गरात ती अडचण नाही. कमला यांनी बटाट्याच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे दाखवले आणि वनस्पतींच्या श्वसनातही या साखळीचा सहभाग असल्याचे स्पष्ट झाले. हिल आणि भागवत यांची याविषयीची नोंद १९३९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

येथेही विद्राव्यतेची गोष्ट आहेच. या साखळीतील बहुतेक प्रथिने पेशीतील पडद्यात रुतलेली असतात आणि साध्या पाण्यात येत नाहीत. सायटोक्रोम सी हे लहान आणि पाण्यात विरघळणारे असल्याने ते बाहेर काढून तपासणे तुलनेने शक्य होते.

कमला यांचा प्रबंध अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण झाला आणि तो सुमारे ४० पानांचा होता, असे सांगितले जाते. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्ये डी.एस्सी. दिली होती, हे लक्षात घेतले तरी कमला यांचे स्थान पहिल्या काहीजणींतच राहते.

परदेशात संधी असताना भारतात का परतल्या?

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. आपल्या शिक्षणाचा उपयोग येथील लोकांना व्हावा, ही राष्ट्रीय चळवळीच्या काळातील अनेक तरुणांची भूमिका त्यांचीही होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जैवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांनी स्वीकारले. त्यानंतर तमिळनाडूतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलवण्यात आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

कुन्नूरमध्ये जीवनसत्त्वे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. जीवनसत्त्वांची पहिली विभागणीही विद्राव्यतेवरूनच होते. ब गटातील जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात. याचा परिणाम रोजच्या सवयींवर होतो. तांदूळ पुन:पुन्हा चोळून धुतला किंवा भाजी चिरून मग पाण्यात ठेवली, तर ब आणि क जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. गाजरातील किंवा पालेभाजीतील अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक शरीरात नीट शोषला जावा, यासाठी जेवणात थोडे तेल किंवा तूप असणे आवश्यक ठरते. घरोघरी चालत आलेल्या फोडणीचे हे एक रासायनिक समर्थन आहे.

वाल भिजवून, मोड आणून का खायचे?

१९४७ मध्ये कमला यांचा विवाह विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईत स्थायिक झाल्या. फोर्टमधील इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जैवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. येथे त्यांनी विद्यार्थ्यांसह जे विषय निवडले, ते महागड्या औषधांचे नव्हते. गरीब माणसाच्या ताटात काय येते, यावरून ते ठरले. कडधान्ये, नीरा, ताडगूळ आणि तांदळाचे पीठ हे त्यांच्या प्रयोगशाळेतील पदार्थ होते.

वालाचे उदाहरण मराठी घरांना जवळचे आहे. वालात प्रथिने भरपूर असतात, पण त्याच दाण्यात ट्रिप्सिन रोधक नावाचे आणखी एक प्रथिनही असते. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. रोधक प्रथिन त्यालाच चिकटते आणि निकामी करते. परिणामी खाल्लेली प्रथिने नीट पचत नाहीत. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कडधान्याने पोट बिघडते, त्यामागे असलेल्या कारणांपैकी हे एक. सोहोनी यांच्या गटाने वाल आणि डबल बीन यांतील ट्रिप्सिन रोधक स्फटिकरूपात वेगळे केले. हे काम १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

एखादे प्रथिन स्फटिकरूपात मिळवणे म्हणजे ते इतर शेकडो घटकांपासून सुटे करणे. त्यासाठी द्रावण हळूहळू संपृक्त करावे लागते. संपृक्त म्हणजे त्या तापमानाला आणखी पदार्थ मावणार नाही असे द्रावण. मर्यादा घाईने ओलांडली तर गढूळ साका मिळतो, संथपणे ओलांडली तर रेणू रांगेत बसून स्फटिक तयार होतात. घरी खडीसाखर बनते त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या संशोधनातून मिळणारा धडा साधा आहे. भिजवताना रोधकाचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी टाकून द्यायचे. मोड येताना दाण्यातील रासायनिक बदलांनी तो आणखी घटतो आणि नीट शिजवताना उष्णतेने त्याचा आकारच बिघडून तो बहुतांशी निष्प्रभ होतो. वाल भिजवणे, मोड आणणे, सोलणे आणि मग डाळिंब्यांची उसळ करणे या क्रमात काही पोषणमूल्य पाण्याबरोबर जाते हे खरे, पण उरलेले पचण्याजोगे होते.

नीरा आणि ताडी यांच्यातील सीमा कोणती?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. याच कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

बोरिवलीजवळच्या गोराई-मनोरीपासून वसई, पालघर, डहाणूपर्यंत ताड, माड आणि शिंदीची झाडे आहेत. त्यांच्या फुलोऱ्याला किंवा खोडाला छेद देऊन मिळणारा ताजा रस म्हणजे नीरा. रासायनिकदृष्ट्या ते प्रामुख्याने साखरेचे पाण्यातील द्रावण. साखरेचे प्रमाण साधारण १० ते १५ टक्के, त्याशिवाय थोडे क्षार, जीवनसत्त्वे आणि अन्य घटक. हवेतील आणि मडक्यातील यीस्टला असे द्रावण म्हणजे मेजवानीच. ऊन चढू लागले की काही तासांत साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊ लागते. नीरा संपते, ताडी किंवा माडी सुरू होते.

ही सीमा एकदा ओलांडली की परतीचा मार्ग नाही. वाळूप्रमाणे अल्कोहोल गाळून काढता येत नाही, कारण ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात पूर्ण मिसळते. म्हणून सगळा भर आधीच रोखण्यावर असतो. रस सूर्योदयापूर्वी उतरवायचा, थंड ठेवायचा आणि मडक्याला आतून चुना लावायचा. चुन्याचेही गणित विद्राव्यतेचेच. कळीचा चुना पाण्यात फार थोडा, साध्या तापमानाला लिटरमागे दोन ग्रॅमपेक्षाही कमी विरघळतो. पण जो विरघळतो तो रसाला इतका अल्कधर्मी करतो की यीस्टची वाढ मंदावते. न विरघळलेला चुना भिंतीवर साठ्यासारखा राहतो आणि आंबटपणा वाढू लागला की त्यातील आणखी थोडा द्रावणात उतरतो. पिण्यापूर्वी रस निवळून, गाळून घ्यावा लागतो तो यासाठी.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये आला. ताडी आणि नीरा एकाच झाडाची, त्यामुळे एकीकडे बंदी आणि दुसरीकडे झाडावर चढून पोट भरणाऱ्या कुटुंबांची रोजी असा पेच होता. आंबू न दिलेली नीरा पौष्टिक पेय म्हणून उभी राहू शकली, तर तो पेच काही अंशी सुटणार होता. सोहोनी यांच्या अभ्यासात नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे दिसले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचेही आढळले. नीरा आटवून केलेल्या ताडगुळातही पोषक घटक बऱ्याच प्रमाणात टिकतात. गूळ बनवणे म्हणजे तरी काय, तर पाणी उडवत द्रावण इतके घट्ट करणे की थंड झाल्यावर साखरेला विरघळून राहायला जागाच उरू नये. साखर शंभर अंशांच्या आसपास साध्या तापमानाच्या दुपटीहून अधिक विरघळते, म्हणून कढईत पातळ असलेला पाक साच्यात घट्ट होतो.

आरेच्या दुधाशी त्यांचा संबंध काय?

गोरेगावच्या आरे दूध वसाहतीची स्थापना १९४९ मध्ये झाली. शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांमधील तबेले बाहेर हलवायचे आणि मुंबईकरांना स्वच्छ दूध रास्त दरात द्यायचे, हा तिचा हेतू होता. या प्रकल्पाच्या दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सोहोनी यांनी सल्लागार म्हणून काम केले.

दूध हे मिश्रणांच्या अभ्यासाचे उत्तम उदाहरण आहे, कारण एकाच पातेल्यात तीन प्रकार असतात. दुग्धशर्करा आणि काही क्षार पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात, ते खरे द्रावण. केसीन हे प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असते, ते कलिल. दुधाला पांढरा रंग येतो तो मुख्यतः हे कण आणि स्निग्धांशाचे थेंब प्रकाश विखुरतात म्हणून. स्निग्धांश थेंबांच्या रूपात असतो, ते पायस. दूध स्थिर ठेवले की हे हलके थेंब वर येतात आणि साय धरते.

दूध नासते तेव्हा बिघडतो तो कलिलाचा भाग. ताज्या दुधाचा पीएच अर्थात सामू ६.६ च्या आसपास असतो. जिवाणू दुग्धशर्करेचे आम्ल करू लागले की तो घसरतो. ४.६ च्या सुमारास केसीनचे कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत, ते गोळा होतात आणि पाणी वेगळे होते. दूध थोडेसेच आंबले असेल तर थंड असताना ते ठीक दिसते, पण तापवताच फुटते. गावातून, तबेल्यातून निघालेले दूध ग्राहकाच्या गॅसपर्यंत न नासता पोहोचवणे, ही मुंबईच्या उकाड्यात खरी परीक्षा होती. स्वच्छता, त्वरित थंड करणे आणि पाश्चरीकरण ही त्यावरची उत्तरे.

टोण्ड दूध म्हणजे पाणी घातलेले दूध का?

मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांना टोण्ड दुधाच्या कल्पनेचे श्रेय दिले जाते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, दूध कमी आणि पिणारे अधिक, अशी स्थिती होती. त्यावरचा उपाय म्हणजे दुधात पाणी आणि स्निग्धांशविरहित दूध पावडर मोजून मिसळणे. आजच्या मानकांनुसार टोण्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घन पदार्थ हवेत.

ढोबळ हिशेब असा. ७ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घन पदार्थ असलेले १०० किलो म्हशीचे दूध घेतले, तर त्यातील ७ किलो स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणण्यासाठी एकूण वजन सुमारे २३३ किलो करावे लागेल. नुसते पाणी घातले तर इतर घन पदार्थ ४ टक्क्यांच्याही खाली येतील. ते ८.५ टक्क्यांवर ठेवण्यासाठी सुमारे ११ किलो पावडर आणि १२२ किलो पाणी लागेल. पाणी दोन्हीकडे आहे. पण एका ठिकाणी प्रथिने आणि शर्करा भरून दिली आहे आणि पिशवीवर ते छापले आहे. दुसऱ्या ठिकाणी काहीच भरलेले नाही आणि सांगितलेलेही नाही. भेसळ आणि प्रक्रिया यांतील फरक हाच.

लॅक्टोमीटर असताना भेसळ कशी लपते?

लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. पाणी घातले की घनता घटते आणि तो अधिक बुडतो. पण स्निग्धांश पाण्याहून हलका असल्याने साय काढली की घनता वाढते. साय काढून मग बेताचे पाणी घातले, तर आकडा पूर्ववत दिसू शकतो. पाण्याबरोबर साखर, मीठ किंवा युरिया मिसळला तरी घनता सावरली जाते आणि हे तिन्ही पदार्थ पूर्ण विरघळत असल्याने गाळणीवर किंवा तळाशी काहीही दिसत नाही. म्हणून डेअरीत घनता, स्निग्धांश आणि विशिष्ट रासायनिक चाचण्या या तिन्हींची सांगड घालावी लागते.

न विरघळणारी भेसळ त्या मानाने पकडणे सोपे. ग्लासभर पाण्यात साखर ढवळल्यावर तळाशी पांढरा थर बसला, तर खडूच्या भुकटीचा संशय घेता येतो. थंड दुधात आयोडिनचे थेंब टाकल्यावर निळा रंग आला, तर पिठूळ पदार्थ मिसळल्याचे कळते. ओल्या गाळणकागदावर चहाची पूड टाकताच रंगाचे डाग पसरले, तर वरून रंग दिल्याची शंका येते. मात्र या चाचण्या त्या-त्या भेसळीपुरत्याच आहेत. डाग आला नाही म्हणजे पदार्थ शुद्ध, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ग्राहक चळवळीत त्या का उतरल्या?

नऊ महिलांनी १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. देशातील सुरुवातीच्या ग्राहक संघटनांपैकी ही एक. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९८६ मध्ये आला. सोहोनी या संघटनेच्या कामात सक्रिय होत्या. १९८२-८३ या काळात त्या अध्यक्ष होत्या आणि संघटनेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या शास्त्रज्ञाने हे व्यासपीठ निवडणे स्वाभाविक होते. विरघळलेली भेसळ ग्राहकाला दिसत नाही आणि स्वतःकडे तपासण्याचे साधनही नसते. त्यामुळे जाणकाराने त्याच्या बाजूने उभे राहणे गरजेचे होते.

मान्यता मिळायला उशीर का झाला?

बंगळुरूतील अडथळा हा शेवटचा नव्हता. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदासाठी पात्रता असूनही त्यांची नियुक्ती काही वर्षे लांबली. अखेर त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. मुंबईत केलेल्या कामातील बराचसा भाग त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून पुढे गेला.

१९९८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर काही काळातच त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये गुगलने डूडलद्वारे त्यांचे स्मरण केले, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले.

आज देशातील विज्ञान शाखांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने आहेत. कमला भागवत यांना १९३३ मध्ये जो प्रवेश सत्याग्रह करून मिळवावा लागला, तो आता अर्ज भरून मिळतो. दुधाचा प्रश्न मात्र तसाच आहे. पिशवीत काय विरघळले आहे, हे पाहून कळत नाही. ते मोजावे लागते आणि मोजलेले लोकांना सांगावे लागते.